सोल ट्रिपचा हिशोब: महाग ते फिकं, स्वस्त ते भारी

२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ डब्यात अर्धा शिल्लक असताना, आम्ही पाच जण डोंबिवलीहून दक्षिण कोरियातल्या सोलला जाऊन आलो. मी, नवरा, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि माझे सासरे. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो, हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे त्यावरून रोज गंमत झाली. वय ७३, पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, गुडघे कुरकुरणारे. आणि मुलीची लिस्ट दोन पानी, त्यात सगळी के-पॉपची दुकानं आणि चेहऱ्याला लावायचे ब्युटी मास्क. सोसायटीतल्या दोघी-तिघी कधीपासून मागे लागल्यात की नीट लिहून काढ, आम्हाला जायचंय, म्हणून एकदाचं लिहितेय.

खर्च आधी सांगते कारण पहिला प्रश्न तोच येतो. विमान, राहणं, खाणं, खरेदी सगळं धरून पाच जणांचे साडेपाच लाखांच्या आसपास गेले. नवरा रोज रात्री वहीत हिशोब लिहायचा, परत आल्यावर ती वही वाचली तर लक्षात आलं की जिथे जास्त पैसे मोजले त्यातलं निम्मं आता आठवतही नाही आणि जे फुकट किंवा वडापावच्या पैशात मिळालं त्याच्याच गोष्टी आम्ही अजून सगळ्यांना सांगतोय. हजार वॉन म्हणजे तेव्हा साधारण साठ रुपये पडत होते, तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

व्हिसा मुंबईतून काढला, बँक स्टेटमेंट, आयटीआर, राहण्याचं बुकिंग वगैरे नेहमीची भानगड, हातात वेळ ठेवून करा एवढंच. विमान एक थांबा घेऊन, रात्रभर जागरण, आणि उतरल्यावर घड्याळ साडेतीन तास पुढे.

इंचॉन विमानतळावरून शहरात यायला एक एक्सप्रेस गाडी आहे, तेव्हा तिचं तिकीट ११ हजार वॉन होतं, ती कुठे न थांबता पाऊण तासात सोल स्टेशनला आणते. दुसरी सगळ्या स्टेशनांवर थांबते, ती निम्म्याहून कमी पैशात आणि वेळ फार तर पंधरा-वीस मिनिटं जास्त. आम्ही डोंबिवलीकर, आयुष्यभर स्लो लोकलने फिरलेलो, त्यामुळे विचार करायचा प्रश्नच नव्हता. विमानतळावरच्याच दुकानातून टी-मनी कार्डं घेतली, त्यात तेव्हा रोख पैसे भरावे लागायचे आणि मेट्रो, बस सगळीकडे टेकवत सुटायचं. लहान मुलाचं कार्ड घेताना पासपोर्ट दाखवून जन्मतारीख टाकून घ्या म्हणजे भाडं कमी लागतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. सोल स्टेशनला ही गाडी जमिनीखाली इतकी खोल थांबते की सरकते जिने चढून चढून मुलाने विचारलं, आपण अजून कोरियातच आहोत ना.

राहायला जोंगनो भागात एक अपार्टमेंट घेतलं होतं, नाव घेत नाही. फोटोत लिफ्ट होती, मेसेज करून विचारलं तरी उत्तर आलं की हो लिफ्ट आहे. होती की. फक्त त्या लिफ्टपर्यंत पोचायला अकरा पायऱ्या होत्या. पाच बॅगा आणि आप्पा. नवरा एकेक बॅग वर नेत होता आणि आप्पा खाली उभे राहून मोजत होते, सात, आठ, नऊ. सोलमध्ये हे सगळीकडेच आहे, शहर चढ-उताराचं, जुन्या इमारती, मेट्रोच्या प्रत्येक एक्झिटला लिफ्ट नाही, एखाद्यालाच असते. घरात वयस्कर माणूस असेल तर आधी लिफ्टवाली एक्झिट नकाशात शोधायची आणि मगच निघायचं. आणि नकाशा म्हणजे नेव्हर मॅप हे कोरियन ॲप. आपला नेहमीचा गूगल मॅप तेव्हा तिथे पायी कसं जायचं ते दाखवतच नव्हता, तिथलं सरकार नकाशाचा डेटा देशाबाहेर जाऊ देत नव्हतं म्हणून. आम्ही पहिल्या संध्याकाळी त्याच्यावर विसंबून पाऊण तास त्याच गल्लीत गोल फिरलो.

जागा मात्र फार सोयीची निघाली. जोंगनो साम-गा स्टेशनवर तीन लाइन मिळतात, राजवाडे, इन्सादोंग, ग्वांगजांग मार्केट सगळं हाकेच्या अंतरावर. शिवाय साध्या टॅक्सीत चारच माणसं घेतात, आम्ही पाच, म्हणजे एकतर दोन टॅक्स्या नाहीतर मोठी गाडी बोलवायची, त्यापेक्षा मेट्रोच बरी. तेव्हा कार्डाने एका फेरीचं भाडं १४०० वॉनपासून सुरू व्हायचं, आणि बसमधून उतरताना परत कार्ड टेकवलं तर पुढच्या मेट्रोचं भाडं त्यातच धरतात. उतरताना टेकवायचं विसरू नका, आम्ही विसरलो.

मेट्रोबद्दल काय सांगू, डब्यात एवढी गर्दी असून कोणी फोनवर मोठ्याने बोलत नाही. प्रत्येक स्टेशनवर स्वच्छ संडास, फुकट, ही गोष्ट लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन फिरणाऱ्यालाच कळते. डब्याच्या टोकाला वयस्कर लोकांची बाकं असतात, ती रिकामी असली तरी तरुण मुलं उभीच राहतात, बसत नाहीत. आप्पा तिथे पहिल्यांदा बसले तेव्हा लोकलच्या सवयीने आकसून कडेला सरकले, चौथ्या सीटला जागा ठेवून. समोरच्या आजीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

आता आप्पांची गंमत. कोरियन भाषेत बाबांना 'आप्पा' म्हणतात. आम्हाला हे मुलीमुळे माहीत होतं, आप्पांना नव्हतं. पहिल्याच दिवशी चंगेचनच्या काठाने चालत होतो तर मागून एक पोरगं बोंबललं 'आप्पाऽऽ', आमचे आप्पा गर्रकन वळले, 'काय रे बाळा?' मग दर पाच मिनिटांनी तेच. राजवाड्यात, बाजारात, लिफ्टमध्ये, सगळीकडे पोरं आप्पांना हाका मारत होती. चौथ्या दिवशी ते म्हणाले, इथे मला बरेच लोक ओळखतात.

हा चंगेचन म्हणजे शहराच्या मधोमध वाहणारा ओढा. पूर्वी तो बुजवून वर रस्ता आणि त्याच्यावर आणखी फ्लायओव्हर होता, तो सगळा पाडून २००५ साली त्यांनी पाणी परत उघडं केलं. रस्त्याच्या पातळीपासून खाली उतरायचं, दोन्ही बाजूला चालायला वाट, मध्ये पाणी, पाण्यात दगड टाकलेले, मासे दिसतात. फुकट. आमच्याकडे नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करतात हे आप्पांनी तिथे उभं राहून दोनदा बोलून दाखवलं. रोज संध्याकाळी जेवण झालं की आम्ही तिथेच उतरायचो, मुलगा दगडांवरून या काठाचा त्या काठाला, आणि आम्ही पाय लांब करून बसलेलो.

राजवाड्यांचं सांगते. ग्यॉंगबोकगुंगला तिकीट माणशी ३ हजार वॉन, पण हानबोक म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख घालून गेलात तर फुकट. मंगळवारी बंद असतो, हे लक्षात ठेवा. आसपासच्या गल्ल्यांमध्ये हानबोक भाड्याने देणारी रांगेने दुकानं आहेत, साधे १५ हजार वॉनपासून आणि जरीकाम केलेले ३० हजारच्या पुढे. म्हणजे ३ हजारांचं तिकीट वाचवायला १५ हजारांचा झगा, हा हिशोब नवऱ्याने तिथेच मांडला पण ऐकतंय कोण. मुलीने गुलाबी-पांढरा घेतला, केसात बट गुंफून वेणी घालून दिली त्या बाईने, मुलाला छातीवर सोनेरी ड्रॅगन असलेला लाल राजाचा अंगरखा. आप्पा बाहेर बाकड्यावर बसणार असं ठरलं होतं. दुकानवाल्या बाईने त्यांच्याकडे बघितलं, आत गेली आणि एक राखाडी झगा आणि ती काळी, पारदर्शक, रुंद काठाची टोपी घेऊन आली, 'गात' म्हणतात तिला, खरी असते ती घोड्याच्या केसांची आणि बांबूची, भाड्याची प्लॅस्टिकची. आप्पा नाही नाही म्हणत उभे राहिले, हनुवटीखाली तिचे बंद बांधून घेतले, आरशात बघितलं, एकदा मान डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मला म्हणाले, 'पगडीला कळा जास्त असते, पण ही हलकी आहे.' पुढचे चार तास ती टोपी उतरवली नाही. अंगणात दोन कोरियन मुलींनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. पांढऱ्या मिशा, गात आणि खाली कोल्हापुरी चप्पल.

पोशाख परत द्यायला आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला तर दुकानाने दर माणशी जादा पैसे लावले, पाटी होती म्हणे, कोरियनमध्ये. तेव्हा घेतानाच उशिराचे पैसे किती ते विचारून घ्या.

राजवाडा १३९५ सालचा, पण आज दिसतो तो बराचसा नंतर उभा केलेला. १५९२ मध्ये जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पावणेतीनशे वर्षं तसाच पडीक, १८६७ मध्ये परत बांधला, मग जपानी राजवटीत पुन्हा पाडापाडी आणि त्याच्या पुढ्यातच त्यांनी आपली सरकारी कचेरी बांधली, ती कोरियाने १९९५ मध्ये पाडायला घेतली. दहा वाजता आणि दोन वाजता दारावर पहारेकरी बदलायचा सोहळा असतो, ढोल, शिंगं, रंगीत झेंडे, त्यालाही पैसे नाहीत. समोरच्या मोठ्या चौकात दोन पुतळे, एक बसलेला सेजोंग राजा ज्याने १४४६ मध्ये त्यांची हंगुल लिपी लोकांना दिली, आणि दुसरा ॲडमिरल यी सुन-शिन, ज्याने १३ जहाजांनिशी जपानी आरमाराला पाणी पाजलं. आप्पांनी ऐकलं आणि लगेच निकाल दिला, 'म्हणजे यांचे कान्होजी आंग्रे.' लिपीचंही त्यांना फार कौतुक वाटलं, नात वाचून दाखवत होती, अक्षराचा आकार तोंडात जीभ कुठे लागते त्यावरून काढलाय वगैरे, आणि आप्पा 'क'पासून सगळी बाराखडी तोंडात घोळवत जीभ तपासत होते.

दुसरा राजवाडा चांगदोकगुंग, तो सोमवारी बंद. त्याच्या मागच्या बागेचं तिकीट वेगळं आणि गाइडबरोबरच जावं लागतं, ऑनलाइन आधी काढलेलं बरं. तिथे मी आणि मुलगीच गेलो कारण चढ आहे. नोव्हेंबरातली लाल-पिवळी पानं, तळ्यात पडलेलं छोट्या मंडपाचं प्रतिबिंब, तासभर मुलीने फोन बाहेर काढला नाही म्हणजे बघा. सुंदर आहे, जा.

बुकचोन मात्र माझ्या मते उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय. जुनी कौलारू घरं, छान आहेत, पण चढ दमवणारा आणि मुळात लोक तिथे राहतात हो. घराघरावर 'हळू बोला', 'दारात बसू नका' असे बोर्ड, हातात पाट्या घेऊन उभी असलेली माणसं. नवरा म्हणाला सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटतंय. आम्ही जायच्या आठवडाभर आधीच तिथल्या मुख्य गल्लीत सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढंच फिरायची मुभा असा नियम आला होता. २०२५ च्या मार्चपासून तर वेळेबाहेर फिरल्यास १ लाख वॉन दंड आहे. दहा मिनिटांत फोटो काढून खाली उतरलो.

आता खाणं, इथे शाकाहारी लोकांनी कान देऊन ऐका. कोरियात बिनमांसाचं दिसतं ते बिनमांसाचं असतंच असं नाही. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट भाजीत, बहुतेक ठिकाणी माशाचा सॉस किंवा खारवलेली कोलंबी, सुपाचं पाणी सुक्या माशांचं, तोकबोक्की म्हणजे तिखट रश्शातल्या तांदळाच्या कांड्या, त्यात फिशकेकचे तुकडे. भाषांतराला पापागो नावाचं ॲप टाकून घ्या, पाकिटावर कॅमेरा धरला की घटक वाचून दाखवतं. 'गोगी प्पेजुसेयो' म्हणजे मांस काढून द्या, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की झोपेतही म्हणत होते असं नवरा सांगतो. बिबिमबाप मिळतं, भातावर पाच-सहा भाज्या, मांस आणि अंडं काढायला सांगायचं, पण तिखट लाल पेस्टमध्येसुद्धा काही ठिकाणी खिमा असतो, तीही वेगळी वाटीत मागवायची. आम्ही चौघं सगळं खातो, त्यामुळे आमची चैन होती, जेवणाबरोबर येणाऱ्या छोट्या छोट्या वाट्या परत परत फुकट भरून देतात, टिप द्यायची नाही, पाणी आपलं आपण घ्यायचं. स्टीलच्या चपट्या काड्यांनी खाताना मुलाचा पहिला घास तीन मिनिटांनी तोंडात गेला.

आणि एक गंमत, खानावळीत वाढणाऱ्या बाईला ते लोक 'इमो' अशी हाक मारतात, इमो म्हणजे मावशी. अगदी आईची बहीण ती मावशी. आपण नाही का 'मावशी, एक पोळी आणा'? मुलीने हे सांगितल्यावर मी दुसऱ्या दिवशी एका छोट्या खानावळीत दबकत 'इमो' म्हटलं तर त्या बाईने हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं, खळखळून हसली आणि मुळ्याच्या किमचीची वाटी शिगोशीग भरून आणली.

आप्पांचं पोट खरं सांभाळलं ते हेतबानने. हेतबान म्हणजे प्लॅस्टिकच्या वाटीत शिजवून बंद केलेला साधा भात, कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये दोनेक हजार वॉनला, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं की झालं. तांदूळ त्यांचा चिकट, आपल्या इंद्रायणीसारखा मऊ. मी घरून मेतकूट, तुपाची छोटी बाटली आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. वाफाळता भात, वर तूप, मेतकूट, आप्पा चमच्याने कालवायचे आणि खिडकीतून खालचा रस्ता बघत खायचे. तीन दिवसांनी नवरा आणि मुलंही आपापली वाटी घेऊन रांगेत. नेलेलं मेतकूट पाचव्या दिवशी संपत आलं तेव्हा घरात रेशनिंग सुरू झालं.

एक दिवस मात्र मंदिरातलं जेवण जेवायला गेलो, इन्सादोंगच्या बाजूला बौद्ध मठाच्या पद्धतीचं जेवण देणाऱ्या जागा आहेत, आधी बुकिंग लागतं, माणशी ३० हजार वॉनच्या पुढे. महाग, पण वहीतल्या महाग गोष्टींपैकी हीच एक वसूल झाली. मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा नाही, लसूण नाही, पातसुद्धा नाही. आप्पांना विश्वास बसेना की या देशात आपल्यासारखा चातुर्मास पाळणारी माणसं आहेत. कमळाच्या पानात वाफवलेला भात, त्यात खजुरासारखं फळ आणि बिया, कुरकुरीत तळलेली पानं, मशरूम. मुलगा म्हणाला याला चव नाही. आप्पा म्हणाले तुझ्या जिभेला चव नाही.

ग्वांगजांग मार्केट १९०५ पासूनचं. आत शिरलात की दोन्ही बाजूला तव्यांची रांग, तेलाचा धूर, आणि गाड्यांसमोर दगडी जाती, विजेवर फिरणारी, त्यातून भिजवलेले मूग वाटले जातायत, पिठाची धार खालच्या बादलीत. आप्पा तिथे गर्दी अडवून दहा मिनिटं उभे. बिनदेतोक म्हणतात त्याला, म्हणजे आपलं मुगाच्या डाळीचं जाडजूड धिरडं, पण तेलात पोहणारं, बाहेरून कुरकुरीत आत मऊ. पिठात किमची असते म्हटल्यावर आप्पांनी फक्त जातं बघितलं. बसायच्या बाकांना खालून ऊब असते, बाहेर सहा-सात डिग्री आणि बूड गरम, तिथून उठवत नाही. एका गाड्यावर आम्ही एक प्लेट मागितली तर गाडीवालीने आपल्या मनाने मोठी मिक्स प्लेट लावली आणि बिल दुप्पट. वाद घालायला भाषा नव्हती. तेव्हा बोट दाखवायचं ते पाटीवरच्या किमतीवर, पदार्थावर नाही.

म्यंगदोंगची संध्याकाळची खाऊगल्ली सगळे सांगतात, सगळे जातात, आम्हीही गेलो, आणि वहीत त्या रात्रीचा आकडा सर्वात मोठा. काडीला लावलेला एक बटाटा, एक चीजवालं लॉब्स्टर, चार स्ट्रॉबेरी साखरेत बुडवलेल्या, पोट कोणाचंच भरलं नाही. त्याउलट नामदेमुन मार्केटमधला गरम होत्तोक, आत गूळसाखर, दालचिनी, दाणे, म्हणजे जाड गूळपोळीच म्हणा, पापागोवर अंडं नाही ना विचारून आप्पांनी दोन खाल्ले आणि दुसऱ्यातला पाक मिशीवर सांडला. बुंगोप्पांग नावाचा माशाच्या आकाराचा केक मिळतो, आत मासा नसून लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, पण आप्पांनी आकार बघूनच हात जोडले.

खरेदी. मुलीचं स्वर्ग म्हणजे म्यंगदोंग आणि होंगदे. ऑलिव्ह यंगमध्ये मास्कचे गठ्ठे, एकावर एक फुकट, १५ हजार वॉनच्या वर बिल झालं आणि पासपोर्ट दाखवला की टॅक्स तिथल्या तिथे वजा करतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, लॉजवर ठेवून गेलात तर चुकलात. के-पॉपचे अल्बम घेतले, आत बँडमधल्या कोणाचं फोटोकार्ड निघेल ते नशीब, तिच्या नशिबात तिला नको असलेलाच निघाला, दोनदा. मी खूश होते ती दाइसोमध्ये. म्यंगदोंग स्टेशनजवळ बारा मजली दाइसो आहे, ५०० ते ५ हजार वॉनमध्येच सगळं, त्याच्यावर एकही वस्तू नाही. डबे, चिमटे, केसांच्या पिना, प्रवासातल्या बाटल्या. आम्हाला आत सोडून नवरा आणि आप्पा बाहेर बसले, अडीच तास.

नातेवाइकांना काय न्यायचं याचं उत्तर मोजे. रस्त्यावर, मेट्रोच्या भुयारात, सगळीकडे हजार वॉनला जोडी, मऊ, कार्टूनवाले. मी बत्तीस जोड्या घेतल्या. आणि ज्यांना चष्मा आहे त्यांनी नंबर घेऊन नामदेमुनला जा, तिथे चष्म्याची दुकानंच दुकानं, डोळे तपासून काच बसवून चाळीस मिनिटांत चष्मा हातात, नवऱ्याचा झाला तो आमच्या इथल्यापेक्षा स्वस्त पडला. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात.

उंचावरून शहर बघायला ५५५ मीटरचा लॉट्टे टॉवर आहे, १२३ मजले, पण पाच जणांच्या तिकिटांचा आकडा बघून आम्ही नामसान डोंगराची बस धरली. साधी शहर बस, कार्ड टेकवलं, वर. शेवटचा चढ मात्र पायीच, आप्पा तीन ठिकाणी बसले. केबल कारची रांग बघून बरं वाटलं की बसने आलो.

मुलासाठी वॉर मेमोरियल, फुकट, सोमवारी बंद. बाहेर मैदानात खरी विमानं, रणगाडे, केवढं तरी मोठं बी-५२. कोरियन युद्धात वैद्यकीय मदत पाठवणाऱ्या देशांत आपला झेंडा दिसतो, आपली ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी तिथे आली होती. आप्पांनी त्या झेंड्याखाली उभं राहून फोटो काढायला लावला, कोट नीट करून. राष्ट्रीय संग्रहालयही फुकट, तिथे एका अंधाऱ्या खोलीत गालाला बोट लावून बसलेल्या दोन बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत, तेवढ्यासाठी तरी जाच.

दुपारी आम्ही दुकानांत असलो की आप्पांना तापगोल पार्कपाशी सोडायचो. १९१९ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला ती ही जागा, आणि २०२४ मध्ये आम्ही गेलो तेव्हा तिथे म्हातारे जमायचे, पटावर त्यांचं बुद्धिबळ मांडून. आप्पांना एक शब्द कळत नव्हता. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी सरकून त्यांना बाकावर जागा दिली आणि कागदी कपात मशीनमधली कॉफी आणून दिली. संध्याकाळी घ्यायला गेलो तर दोघं शेजारी बसून तिसऱ्याच माणसाच्या खेळीवर एकाच वेळी 'च्च' करत होते.

शेवटचा दिवस मंगळवार आणि कार्तिकी एकादशी. आप्पांचा उपवास, मी आदल्या रात्रीपासून काळजीत, साबुदाणा आणला नव्हता. सकाळी खाली कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये दूध-केळी घ्यायला गेले तर काउंटरजवळ काचेच्या पेटीत गरम दगडांवर रताळी भाजायला ठेवलेली. चक्क रताळी. दुकानातल्या मुलाने चिमट्याने उचलून कागदी पिशवीत घालून दिली. वर नेली, आप्पांनी साल सोललं तर आतून पिवळंधमक, मधासारखा चीक बाहेर आलेला. एक खाल्लं, हात पुसला, पंढरपूरच्या दिशेने की कुठल्या कोण जाणे, भिंतीकडे तोंड करून नमस्कार केला आणि विचारलं, अजून आहे का. दिवसभरात मी तीनदा खाली जाऊन आले. चौथ्यांदा त्या मुलाने मला बघितल्या बघितल्या चिमटा उचलला.

द्वादशीला पहाटे साडेपाचला शेवटचं हेतबान, डब्याच्या तळाशी उरलेलं चमचाभर मेतकूट, त्यावर पारणं सोडलं. मग परत त्या अकरा पायऱ्या, या वेळी बॅगा सात आणि त्यातल्या एकीत नुसते मोजे. बत्तीस जोड्या पुरल्या नाहीत, चुलत नणंदेला मिळाले नाहीत म्हणून ती अजून फुगलेली आहे.